फ्रंटवाल्या काकू

शर्टांच्या कारखान्यात कुणी कॉलर करतं, कुणी बाह्या. काकू एकवीस वर्षं फक्त फ्रंट शिवत आल्या आहेत, म्हणजे शर्टाचे पुढचे दोन भाग, खिसा आणि बटणपट्टी. त्यामुळे अख्खा कारखाना त्यांना फ्रंटवाल्या काकूच म्हणतो. चौकडीच्या कापडावर त्यांनी लावलेला खिसा शोधावा लागतो, इतक्या रेघा जुळतात, असं त्या स्वतःच सांगतात. लाजणं त्यांच्या स्वभावात नाही.

सुट्टीच्या दिवशी सून मुलाखतीसाठी शब्दकोशातून इंग्रजी शब्द पाठ करत बसली होती. 'फ्रंट' आला तशी ती मुद्दाम मोठ्यानं वाचू लागली.

"पुढची बाजू. लढाईतली आघाडी."

काकू खूश होऊन मान डोलवत होत्या.

"आणि वरवरचा देखावा."

काकूंचं डोकंच फिरलं. त्यांनी कपाटातून आपल्या हातचा फ्रंट असलेला मुलाचा शर्ट काढला, उलटा केला आणि सुनेच्या मांडीवर टाकला.

"एक लोंबता दोरा शोधून दाखव."

सुनेनं तो खिडकीपाशी नेऊन शिवण अन् शिवण तपासली. आतली बाजू बाहेरच्याइतकीच नेटकी होती.

"नाही सापडत, आई."

"मग खोड तो शेवटचा अर्थ," म्हणत काकूंनी तिच्या हातात पेन्सिल दिली.