पासपोर्टच्या रकान्यातली माणसं

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात बावीस वर्षं टाइमकीपर होतो, आणि त्या बावीस वर्षांत गेटवर, कॅन्टीनमध्ये, युनियनच्या ऑफिसात माझं ज्याच्याशी वाजलं नाही असा माणूस सापडायचा नाही. फक्त मालन खरातशी कधी वाजलं नाही. तिच्याशी भांडायचं तरी कसं? आपण आवाज चढवला की ती चष्मा काढून पदरानं पुसत बसायची, आणि आपलं संपेपर्यंत पुसतच राहायची.

मालन १९८१ साली आमच्या पर्सोनेल खात्यात टायपिस्ट म्हणून लागली. शहाडला चाळीत आईबरोबर राहायची. अंगानं किडकिडीत, बोलणं कमी, आणि डब्यात बारा महिने लसणाची चटणी. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. आणि माझी छाती होत नाही म्हणजे बघा.

१९८७ साली कंपनीत कॉम्प्युटर आला. त्याला थंडगार खोली, आणि खोलीबाहेर चपला काढून आत जायचं. सहाशे चाळीस कामगारांची माहिती त्यात भरायचं काम मालनच्या गळ्यात पडलं. तिनं रजिस्टर उघडलं आणि कपाळाला हात लावला. निम्म्या माणसांची जन्मतारीख एक जून.

बाहेरच्याला हे नवल वाटेल, आम्हाला नाही. पोराला शाळेत घालायला बाप जायचा. मास्तरांनी विचारलं, जन्म कधीचा, की बाप म्हणायचा, मोठा पूर आला त्या वर्षीचा. मग मास्तर पोराकडे बघून अंदाजानं साल धरायचे आणि तारीख ठोकून द्यायचे एक जून. शाळा जूनमध्ये सुरू, विषय संपला. माझीही एक जूनच, मालनचीही एक जूनच. आमच्या खात्यात त्या दिवशी कोणी कोणाला शुभेच्छा द्यायचं नाही, देणार तरी किती जणांना?

त्यात आमची बरीचशी माणसं आजूबाजूच्या आणि खाडीकाठच्या गावांतली. गावंच्या गावं पाटील, म्हात्रे, भोईर. आजोबाचं नाव नातवाला, काकाचं पुतण्याला. आमच्याकडे काळुराम गुणाजी पाटील असे चांगले दोन होते. एक बॉयलरवर, एक पॅकिंगमध्ये. गावं वेगळी, नातं काही नाही, पण दोघांची जन्मतारीख १ जून १९४४.

त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक माणसापुढे एक रकाना होता, पासपोर्ट नंबरचा. तो प्रोग्रॅम कोणा बड्या कंपनीच्या साहेबलोकांसाठी बनवलेला असणार. आमच्याकडे पासपोर्ट कोणाकडे असणार, डोंबल! मालननं तो मोकळा रकाना ताब्यात घेतला. रोज जेवणाच्या सुट्टीत ती वही घेऊन खात्याखात्यात जायची आणि प्रत्येकाची ओळखीची खूण लिहून आणायची. कोणाच्या भुवईवर व्रण, कोणाच्या कानामागे तीळ, कोण डावखुरा. मग इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, त्या रकान्यात भरायची.

मी म्हटलं, "मालनबाई, नसता उद्योग कशाला? पगार तेवढाच मिळणार."

तेव्हा तिनं पहिल्यांदा वडिलांचं सांगितलं. बाबुराव खरात एका गिरणीत एकोणीस वर्षं होते. त्याच खात्यात दुसरा बाबुराव खरात होता. कोणा कारकुनानं रजिस्टर नव्यानं उतरवताना एकच नाव दोनदा आलंय असं समजून एक ओळ गाळली. ती ओळ हिच्या वडिलांची. पुढची सहा वर्षं ते एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरत राहिले, मी मीच आहे हे सांगत, आणि त्यातच गेले. "त्या कारकुनाचं काही वाईट नव्हतं मनात," मालन म्हणाली. "त्याला फक्त वेळ नव्हता." एवढं बोलून ती पुन्हा टाइप करायला लागली.

यानंतर बारा वर्षं गेली. १९९९च्या सुरुवातीला कंपनीनं नवं सॉफ्टवेअर घेतलं. स्टोअर, हजेरी, खरेदी, विक्री, सगळं एकाच ठिकाणी. ते बसवायला ठाण्याहून सुधीर यायचा. हुशार, टाय लावणारा आणि कायम घाईत. जुन्या कॉम्प्युटरमधली माहिती नव्यात न्यायची तर ती आधी एक्सएमएल नावाच्या फायलीत ओतावी लागते, असं त्यानं आम्हाला समजावलं. म्हणजे काय, तर प्रत्येक गोष्टीला आधी आणि नंतर चिठ्ठी लावायची. इथे नाव सुरू, इथे नाव संपलं. इथे जन्मतारीख सुरू, इथे संपली. मसाल्याच्या डब्यांवर आई चिठ्ठ्या लावते तसंच म्हणा. चिठ्ठी वाचून नवं सॉफ्टवेअर माल बरोबर जागी ठेवतं.

जो माल चिठ्ठीशी जुळत नाही तो सुधीर गाळायचा. पासपोर्टच्या रकान्यात 'भुवईवर व्रण' बघून तो पोट धरून हसला आणि तो रकानाच्या रकाना त्यानं उडवला. दुबार वाटलेली नावं त्यानं वेगळी काढली, अकरा निघाली. त्यांची यादी तपासून सही करायला तो पर्सोनेलमध्ये आला. मालन आठ दिवस रजेवर होती, कल्याणला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिच्यामागे हजेरीचा माणूस म्हणून यादी माझ्यापुढे आली.

आता खरं सांगतो. मी ती यादी वाचली नाही. त्या दिवशी कॅन्टीनवाल्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं, डोकं तापलेलं होतं. "आण इकडे," म्हणालो, आणि सही ठोकली. सुधीर थँक्यू म्हणून गेला.

एक एप्रिलला नवं सॉफ्टवेअर सुरू झालं. सकाळी सातच्या पाळीला पॅकिंगच्या काळुरामनं गेटवर कार्ड लावलं, तर मशीन ढिम्म. पुन्हा लावलं, तरी ढिम्म. मी यादीत बघितलं. काळुराम गुणाजी पाटील एकच, बॉयलरवाला. बाकीची दहा नावं खरंच दुबार होती, हा एकच जिवंत माणूस माझ्या सहीनं गाळला गेला होता.

पर्सोनेल मॅनेजर नवे होते, दोन महिन्यांपूर्वी आलेले. त्यांना जुनी माणसं ओळखू येत नव्हती आणि ओळखायची हौसही नव्हती. त्यांनी कागद मागवले. जुन्या फायलींची खालची दोन कपाटं वाळवीनं कधीच खाल्ली होती. शाळेच्या दाखल्यांवर शाळेचे शिक्के पुसलेले, उरलं तेवढं दोघांचं सारखंच, तेच नाव, तीच तारीख. साहेब म्हणाले, "कागद एकाचे आणि माणसं दोन. म्हणजे हा दुसऱ्याच्या कागदांवर लागलाय. बोगस आहे. आठ दिवसांत पुरावा आणला नाही तर नाव कायमचं बंद."

काळुराम खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. पंचावन्नाला टेकलेला माणूस, रिटायर व्हायला तीन वर्षं उरलेली. तो म्हणाला, "सायब, मी हाय का नाय, तेवढा सांगा." साहेबांनी पुढची फाईल ओढली.

दुसऱ्या दिवशी सातला तो पुन्हा आला. आत सोडत नव्हतेच. गेटसमोर शिरीषाचं झाड होतं, त्याखाली तो डबा घेऊन बसला. साडेबाराच्या भोंग्याला डबा खाल्ला, साडेतीनच्या भोंग्याला उठला आणि घरी गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. मी माझ्या खिडकीत, तो समोर. मला एवढं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. पण तोंड उघडलं का? नाही. माझंही घर होतं, घरात चार खाणारी तोंडं होती, आणि नवा साहेब बोगस म्हणायला कोणालाही मागेपुढे बघत नव्हता. भित्रेपणाला काय, कारणं हवी तेवढी मिळतात.

चौथ्या दिवशी मालन रजेवरून आली. गेटवरच तिला काळुराम दिसला. ती त्याच्याजवळ दहा मिनिटं उभी राहिली, मग वर आली, तर टेबलावर मेमो वाट बघत होता. रजेवर कोण, सही कोणाची, काही न बघता साहेबांनी लिहिलं होतं, यादी पर्सोनेलनं तपासली, म्हणजे जबाबदारी मालन खरातची, खुलासा द्या. तिनं मेमो वाचला, घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि विचारलं, "सुधीर कुठं बसतो?"

मी तिच्या मागोमाग गेलो. सुधीरनं हात वर केले. "मॅडम, जुनं मशीन भंगारात गेलं. जे आहे ते नव्यात आहे."

"गाळायच्या आधीची फाईल?"

"ती फ्लॉपीवर असेल. पण त्यात सगळा कचरा आहे."

"मला कचराच हवाय," मालन म्हणाली.

सुधीर कुरकुरला. मग त्यानं खिडकीतून खाली, त्या झाडाकडे बघितलं, आणि टाय सैल करून सगळी खोकी उपसायला लागला. पोरगा मनानं वाईट नव्हता. दुपारी तीन वाजता फ्लॉपी सापडली. पडद्यावर चिठ्ठ्यांच्या ओळींवर ओळी धावायला लागल्या. काळुराम गुणाजी पाटील, बॉयलर, पासपोर्ट सुरू, 'उजव्या गालावर चामखीळ', पासपोर्ट संपला. आणि पुढे दुसरा. काळुराम गुणाजी पाटील, पॅकिंग, पासपोर्ट सुरू, 'डावी करंगळी नाही, आपल्या सीलिंग मशीनमध्ये गेली, १९८४', पासपोर्ट संपला. खाली भरल्याची तारीख, ऑगस्ट १९८७.

सुधीरनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "मॅडम, सॉरी. हा मी उडवला होता."

मालननं कागद छापून घेतला, खाली जाऊन काळुरामला हाताला धरून आणलं आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. दार उघडंच राहिलं, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तिचा आवाज चढला नव्हता. ती म्हणाली, "काळूदादा, हात दाखवा." त्यानं डावा हात टेबलावर ठेवला. चार बोटं. "साहेब, पंधरा वर्षांपूर्वी यांचं बोट घेताना कंपनीला माणूस बोगस वाटला नाही. मग आत्ताच कसा वाटतो?"

साहेबांनी कागद वाचला, हात बघितला, पुन्हा कागद वाचला. नाव परत घाला, म्हणाले. काळुराम तिथेच मटकन खाली बसला आणि रडला. दुसरं काय करणार?

पण मेमो तसाच होता. साहेबांनी बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, माणूस परत आला तरी चूक ती चूकच, यादी कोणी तपासली याचा खुलासा पाहिजे. मालन जागेवर जाऊन बसली.

सगळे पांगल्यावर मी सुधीरच्या टेबलाशी गेलो. फाईल पडद्यावर उघडीच होती. मनात आलं, बघू या, बाईनं आपल्यापुढे काय लिहून ठेवलंय. कपाळावर खोक आहे माझ्या, तेच असणार. सुधीरला म्हटलं, माझं नाव काढ. त्यानं काढलं. उत्तम साबळे, टाइम ऑफिस, जन्मतारीख १ जून, पासपोर्ट सुरू, 'कपाळावर खोक. तापट. खोटं बोलत नाही', पासपोर्ट संपला.

माझ्या कानशिलात कोणी वाजवली असती तर बरं वाटलं असतं. तिथून मी सरळ केबिनमध्ये गेलो. "साहेब, त्या यादीवरची सही माझी आहे. मी वाचलीच नव्हती. मेमो मला द्या," म्हणालो. साहेबांनी दिला, वर तीन दिवस सस्पेंडही केलं. घरी बायकोनं तर मला उभा-आडवा घेतला. ते सगळं रास्तच होतं.

त्या संध्याकाळी निघताना मालन जिन्यात भेटली. मान खाली घालून म्हटलं, "मालनबाई, मला आधीच बोलायला हवं होतं. तुम्हाला कळलं नाही, नाहीतर..."

"कळलं नाही कसं?" ती म्हणाली. "अठरा वर्षं मस्टरवर तुमची सही बघतेय मी, उत्तमराव. फ्लॉपी शोधताना सुधीरनं ती यादी दाखवली, तेव्हाच ओळखली." तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला. "पण मी तसं लिहून ठेवलं होतं ना तुमच्यापुढे. म्हणून थांबले होते."