कापायचं आम्ही, ओरडायचं त्यांनी

उत्तनहून आमच्या मीरा रोडच्या सोसायटीत मासळी घेऊन येणाऱ्या मावशी आता स्वतः मासे कापत नाहीत. करोनाची लस घेतल्यावर त्यांच्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली होती. असं फार क्वचित कुणाला होतं म्हणे, ते नेमकं त्यांना झालं. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे विळीला हात लावायचा नाही. कापायचं आम्ही, ओरडायचं त्यांनी. "बाय, पापलेट हाय त्यो, भोपला न्हाय!"

बाळाच्या लशीला माझी सून टाळाटाळ करत होती. एकदा त्यांच्यासमोरच बोलून गेली, "मावशींसारखं काही झालं तर?"

मी ओशाळले. मावशींनी टोपली माझ्या दारात सरकवली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.

"माजी सुई येगली, पोराची येगली. चल, मी पन येते."

दवाखान्यात बाळ त्यांच्याच मांडीवर होतं. सुई टोचली तसं ते किंचाळलं, मग सुनेने घेतल्यावर गप्पही झालं. मावशींचे डोळे मात्र गच्च मिटलेलेच.

"झालं, मावशी," मी म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी माझा हात सोडला.