शेत नसलेल्यांची नोंद

काल नव्या इमारतींमधून कडब्याचा ट्रॅक्टर गेला आणि त्या वासाने मी दुष्काळातल्या चारा छावणीत पोचले.

जनावरांची नोंद मी बनवलेल्या वेबपेजवर चालली होती. सकाळपासूनच्या नोंदी सुरळीत झाल्या. मग पिशोरच्या कौसाबाई चार गायी घेऊन आल्या. मी ‘शेती नाही’ निवडलं आणि छावणीतल्या संगणकावरचा जुना ब्राउझर अडला. न दिसणाऱ्या रकान्यात कर्सर नेता येत नाही, म्हणे! कुठला रकाना? मी वायर, नेट, सगळं क्रमाने तपासलं. काही कळेना. नोंदणी बाराला बंद होणार होती.

“काय मागतंय ते?”

“मावशी, शेताचा गट नंबर असेल.”

“मला शेतच नाय बाई. सांग की त्याला!”

तेव्हा उमगलं. शेती नसेल तर तो रकाना मीच लपवला होता आणि कर्सरला तिथंच धाडत होते. नवा ब्राउझर अशी चूक मुकाट सोडून देतो, जुना थांबला. एक ओळ काढली, गायी आत गेल्या.

चूक माझी असूनही त्या दिवशी मी ब्राउझरलाच बोल लावला. पण छावणीआधी घरी पेज तपासताना मी दहा खोटी माणसं बनवली होती. दहाही जणांना मी शेत का दिलं, ते अजून कळत नाही.