ठंडी करायची पानं

आमच्या घरात किताबांची उतरंड ठरलेली होती. सगळ्यात वर कुराणशरीफ, त्याखाली हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, जिल्दी, त्याखाली जुन्या कायद्याची पुस्तकं. उलटं रचलं की दादा हातातलं काम टाकून उठायचे. दादा म्हणजे माझ्या बापाचे वडील. पडेगावात राहत्या घरातच बाइंडिंग करायचे. बाप गेला तेव्हा मी चार वर्षांची होते, तेव्हापासून मी आणि अम्मी त्यांच्याजवळच. पानं शिवायला, पुठ्ठ्याला खळ लावायला मी त्यांच्याकडूनच शिकले.

मोहल्ल्यातले लोक कुराणात काय काय ठेवतात! जन्माच्या चिठ्ठ्या, मोरपीस, लग्नाचा कागद. दुरुस्तीला आलं की दादा ते सगळं काढून पाकिटात घालायचे आणि वेगळं परत करायचे. म्हणायचे, अल्लाहच्या बोलण्यात माणसाचा कागद कशाला? कामातून गेलेली पानं कोपऱ्यातल्या पोत्यात जायची. ती फेकायची नाय, जाळायची नाय. पोतं भरलं की कब्रस्तानामागच्या विहिरीत सोडायचं. त्याला आम्ही ठंडी करणं म्हणतो.

शेवटच्या वर्षी दादांचा श्वास लागायला लागला आणि चाचाच्या फेऱ्या वाढल्या. चाचा दादांचा दुसरा मुलगा, चितेगावला कंपनीत. आधी ईदेला तोंड दाखवायचा, आता दर जुम्म्याला, शुक्रवारी, हजर. यायचा, वजूला हातपाय धुवायचा, पावलांनी अंगण मोजत फिरायचा. एकदा अम्मीच्या खोलीच्या दारात उभा राहून नुसता छताकडं बघत राहिला. अम्मीनं चहा आणला तर म्हणाला, "भाभी, ही भिंत पाडली तर हवा लई येईल." अम्मीनं चहा उंबऱ्यावर ठेवला आणि दार लोटून घेतलं.

त्या संध्याकाळी मी दादांना सरळच विचारलं. मी तोंडाची फटकळ, आडपडदा जमत नाय. म्हणलं, दादा, तुमच्यामागं आम्ही कुठं जायचं?

त्यांनी सुई खाली ठेवली. "बेटा, तुला हिस्सा नाय. पोतीला, मुलाच्या मुलीला, देऊ नका असं कुराणात कुठं लिहिलेलं नाय. पण हदीस सांगते, ठरलेले हिस्से दिल्यावर उरेल ते सगळ्यात जवळच्या मर्दाला. तुझा बाप नाय, चाचा आहे. सगळं त्याचं."

"मग कुराणात यतीमांचं, बाप नसलेल्या पोरांचं, एवढं आहे ते कशाला?"

"वाटणीला यतीम हजर असले तर त्यांनाही काही द्या, गोड बोला, असं आहे. पण किती द्यायचं ते नाय. नमाज पढा हा हुकूम कुराणाचा, किती रकात ते हदीसवरून कळतं. वसीयतीचंही, मृत्युपत्राचंही, तसंच. कुराण म्हणतं करा. हदीस म्हणते तिसऱ्या हिश्श्याच्या वर नाय, आणि वारसाला नाय. तू वारस नाहीस, म्हणून तर तुला लिहून देता येतं. ही खोली आणि ओसरी तिसऱ्या हिश्श्यात बसते."

मी म्हणलं, मग लिहा की! ते हसले. जुम्म्यानंतर बघू म्हणाले. असे तीन जुम्मे गेले.

मग एका मंगळवारी त्यांनी पोत्यातून एक वाळवीनं खाल्लेली हदीसची तपकिरी जिल्द बाहेर काढली आणि वाचत बसले. वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलं. वसीयत करायची असेल त्यानं ती लिहिल्याशिवाय दोन रात्री काढू नयेत, असं त्यात होतं. मला म्हणाले, "मी किती रात्री काढल्या गं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर ते त्याच जिल्दीच्या पुठ्ठ्याला खळ लावत होते. मी चिडले. म्हणलं, दम लागतोय आणि ही मेलेली किताब काय शिवत बसलात? ते म्हणाले, "लिहिलं बरं का. जुम्म्याला साक्षीला दोन गवाह बोलावतो, त्यांच्यासमोर काढून दाखवतो. तोवर चाचाला बोलू नको."

गुरुवारी पहाटे, फजरच्या नमाजच्या वेळी ते गेले.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. तिसऱ्या दिवसाचं कुराण पढून झालं आणि चाचा म्हणाला, अब्बांच्या घरात फाटकी पानं पडलेली बरी नाय, आज ठंडी करून टाकू. त्यात काय चूक होतं? मीच पोतं भरायला बसले. तपकिरी जिल्द हातात आली. पोत्यातूनच आलेली, पोत्यात घातली.

वसीयतीचा कागद मी शोधला नाय. मय्यतीच्या घरात हिश्श्याचा कागद धुंडायची लाज वाटली. आणि मला खात्री होती की तो वरच्या कुराणात आहे. वजूशिवाय त्याला कोण हात लावणार? म्हणलं, चाळिसावा होऊ दे.

चाळिसाव्याला मशिदीचे मौलाना आणि चार नातेवाईक बसले. चाचा म्हणाला, घर माझ्याकडं येतं. मी कुराण पढायच्या लाकडी रिहालवर ठेवलं आणि सगळ्यांसमोर पान पान उलटलं. अम्मी भिंतीला धरून उभी होती. कागद नव्हता. मौलाना हळू आवाजात म्हणाले, "बेटी, ते दुसऱ्याच्या कुराणात चिठ्ठी ठेवू द्यायचे नाहीत. स्वतःच्या कशी ठेवतील?"

तेव्हा मला तपकिरी जिल्दीचा तो खळीनं ओला पुठ्ठा आठवला. कागद त्याच्या आत चिकटवलेला होता, आणि ती जिल्द मीच पोत्यात घातली होती. चाचानं अम्मीला खोली रिकामी करायला महिनाभराची मुदत दिली, आणि दिली तीही गोड बोलून.

आता आम्ही दुसऱ्याच्या घरात भाड्यानं राहतो. मी अजून पुस्तकं शिवते, पण पुठ्ठा ओला दिसला की हात थांबतो. चाचाला माहीत होतं का, हे मला आजही कळत नाय. एवढंच आठवतं, की पोत्याचं तोंड बांधताना त्यानं ती जिल्द वर काढली होती. "ही पण?" म्हणाला. मी व्हय म्हणलं. विहिरीच्या काठावर, दोरी सोडायच्या आधी, त्यानं माझ्याकडं बघून परत विचारलं, "सगळंच ना?"

मी परत व्हय म्हणलं.