बोगनवेलीला पाणी घालत राहिले...

गेल्या मंगळवारी लेकीकडून तलवाड्याला परत आले आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकले. हे आपलंच घर ना?... फाटकावर नुसता राणी रंग. पानं शोधावी लागत होती.

ही बोगनवेल ह्यांनी लावलेली. गावच्या दूध सोसायटीच्या कुंपणावरून फांदी आणली होती. कमान झाली, पण ती बघायला हे राहिले नाहीत. आणि फुलं म्हणाल तर वर्षाला चार-दोन... बाकी हिरवीगार पानं आणि काटे.

ह्यांच्या हातची एवढीच एक जिवंत गोष्ट माझ्याकडे उरली. ती जळू नये म्हणून मी काय नाही केलं? टँकरचा भरवसा नाही, तेव्हा बाजेवर बसून आंघोळ करायची, खाली घमेलं ठेवायचं, आणि ते पाणी वेलीला. दुष्काळात सोसायटी बंद पडली, तिथलं कुंपण मात्र दर उन्हाळ्यात फुलांनी भरायचं. मला वाटलं, तिथली मातीच चांगली... पोतंभर माती आणून घातली!

यंदा लेकीच्या बाळंतपणाला परळीला जाताना थोरल्या जाऊबाईंना बजावून गेले होते, रोज एक तांब्या तरी घाला. म्हणून आल्या आल्या त्यांनाच विचारलं, "बाई, काय घातलंत हो वेलीला?"

त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "थेंब न्हाई घातला. म्हशीलाच पुरंना... तुला तोंड कसं दाखवावं म्हनत होते."

मला राग यायला हवा होता. आलाही... पण फाटकावर वेल अशी! रागावू तरी कशासाठी, तेच कळेना.

मी भांडत नाही हे बघून जाऊबाईंना धीर आला. "आगं, मोसंबीला ताण देतो तवाच बाग फुटती ना? मग हिचंच काहून बारा महिने बाळंतपण?"

खरंच की. बागेचं पाणी दर साली हेच तोडायचे. पानं गळेपर्यंत झाडं तहानलेली ठेवायची, मग पाणी सोडलं की फूल धरतं. रात्री फोनवर वाचलं, बोगनवेलीचंही तसंच... पाणी जास्त झालं की नुसती पानं काढते. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मला कसं सुचलं नाही? मोसंबी पिकासाठी होती आणि ही ह्यांची होती, म्हणून?

आता नवाच घोळ. हिला पाणी द्यायचं की नाही? काल बादली घेऊन गेले, तशीच परत आणली. माझ्यावाचून ती जगते हे बघून बरं वाटायला हवं... पण हातातलं काम कुणी काढून घेतल्यासारखं झालंय.

जाऊबाई मात्र रोज संध्याकाळी फाटकापाशी येऊन बसतात. कुणी थांबून बघितलं की सांगतात, "आमच्या भाऊजीनं लावल्याली हाय. लई हौशी मानूस." मग ते माणूस ह्यांची एखादी आठवण काढतं... माझ्यासमोर ह्यांचा विषय काढायचं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं.

जाऊबाईंना मी अजून थँक्यू म्हटलेलं नाही. त्या फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे म्हणते.