मॅडम, तिला जरा मोठ्याने विचारा!

माझ्याकडचे किस्से सांगायला घेतले की पहिल्याला लोक खळखळून हसतात. दुसऱ्याला हसावं की नको असं होतं. त्यानंतर कोणीतरी उठून चहा ठेवायला जातं. पण किस्से काही थांबत नाहीत. मी मुद्दाम गोळा करायला जात नाही हो, फोन येतो आणि एक नवा पदरात पडतो!

मी नेरुळला कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. खुणांची भाषा येते म्हणून पोलीस आणि कोर्ट मला दुभाषी म्हणून बोलावतात. सोसायटीतल्या बायकांना वाटतं, मी चोर-दरोडेखोरांच्या गोष्टी सांगेन. त्या मी सांगत नाही. मी सांगते ते टेबलाच्या अलीकडच्या लोकांचे किस्से. ज्यांना युनिफॉर्म मिळतो, पगार मिळतो, कायद्याची पुस्तकं मिळतात, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं, हे मात्र आख्ख्या नोकरीत कोणी शिकवत नाही.

*

पहिला फोन आला तेव्हा मी वर्गात होते. "मॅडम, एक मुकी मुलगी आलीय कम्प्लेंट द्यायला. या जरा."

मी रिक्षा करून पोचले. मुलगी खाडीकाठच्या गावातली, नुकतीच कॉलेजला लागलेली. एक माणूस रोज रस्त्यात अडवत होता तिला. भावाने कागदावर त्याचं नाव लिहून दिलं होतं. फौजदारसाहेब तिच्या कानाशी तोंड नेऊन ते नाव ओरडत होते. "हाच का? अगं, हाच का तो?"

मला बघून त्यांनी घाम पुसला. "बरं झालं आलात. मॅडम, तिला जरा मोठ्याने विचारा. माझा घसा बसला."

मी म्हटलं, "साहेब, तिला ऐकू येत नाही."

"हो ना, म्हणूनच तर मोठ्याने!"

बाहेरच्या बाकावर तिच्याच गावातले दोघं दुसऱ्या कामासाठी बसले होते. ती घरी पोचायच्या आत गावाला सगळं कळलेलं होतं. छेड काढणाऱ्याची आई तिच्या दारात येऊन तिला वाट्टेल ते बोलून गेली. अशा तक्रारीत मुलीचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नसतं म्हणे. ते नाव, त्याचं नाव, काय झालं, कुठे झालं, सगळं अख्ख्या स्टेशनला ऐकू गेलं. तिला सोडून!

*

नावड्याला राहणारा एक तरुण, तळोज्याच्या एका कंपनीत पॅकिंगला. बाइक चोरल्याच्या संशयावरून उचलला. मी गेले तेव्हा दोन शिपाई त्याची दोन मनगटं धरून बसले होते.

"काय बोलतच नाय, मॅडम. लय घट्ट आहे."

"त्याचे हात सोडा."

"पळंल ना!"

"अहो, तो हातांनी बोलतो!"

त्यातला एक माझ्याकडे बघून गालात हसला. "मॅडम, सगळे असंच म्हणतात."

शेवटी दाराला कडी लावली आणि हात सोडले. मनगटं चोळायलाही तो थांबला नाही, एका दमात सगळं सांगितलं. बाइक गेली त्या वेळी तो ड्युटीवर होता. गेटवर पंचिंग झालेलं होतं. कंपनीत फोन लावला, खरं निघालं. आदल्या संध्याकाळपासून तो हेच सांगायला बघत होता. तो जितके हात ओढायचा तितके हे घट्ट धरायचे!

*

त्याचाच उरलेला भाग. मी निघताना बघते तर त्याचा जबाब आधीच टाईप होऊन तयार! सुरुवात अशी: "मी समक्ष हजर राहून तोंडी सांगतो की..." आणि शेवट: "माझा जबाब मला वाचून दाखवला, तो मी नीट ऐकला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे." खाली त्याची सही.

माझं डोकं फिरलं. "हे तोंडी कोणी सांगितलं? ऐकलं कोणी?"

रायटर कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाला, "मॅडम, तो फॉरमॅट आहे. सगळ्यांना तोच असतो."

*

मग मी ठरवलं, वरच्या साहेबांना भेटायचं. माझी मागणी काय मोठी नव्हती. प्रत्येक स्टेशनात निदान दोन माणसं अशी हवीत, ज्यांना मूलभूत खुणा येतात. दुभाषी कधी बोलवायचा, त्याच्या येण्याआधी काय करायचं नाही, एवढं कळणारी. शिकवायला मी तयार होते.

साहेब सज्जन होते. चहा मागवला, शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, आमच्या ट्रेनिंगला कमी लेखू नका. आमची पोरं डोळ्यांवर पट्टी बांधून रायफल खोलतात आणि जोडतात!"

मी म्हटलं, "साहेब, एकदा कानात बोळे घालून जबाब लिहून दाखवा म्हणावं."

साहेब हसले. मी नव्हते हसले. वर्कशॉप मात्र मंजूर झालं.

*

त्या वर्कशॉपचं काय सांगू! वाशीला एका हॉटेलचा एसी हॉल. स्टेजवर फुलं, समई, मागे 'संवेदनशीलता' असं फ्लेक्सवर छापलेलं. प्रमुख पाहुणे संवेदनशीलतेवर इतके बोलले, इतके बोलले की माझा तास त्यातच गेला. मला वेळ मिळाला जेवणानंतर. श्रीखंड-पुरी खाऊन आलेला हॉल! मागच्या रांगेत तर चक्क घोरणं चालू.

मी खुणा दाखवायला लागले. एकाने हात वर केला. मला वाटलं, चला, कोणाला तरी प्रश्न पडला!

"मॅडम, एखादी शिवी शिकवा ना."

सगळा हॉल जागा झाला. पाहुणेसुद्धा हसले.

मी म्हटलं, "शिकवते. पण सगळ्यांनी करायची." आणि एक खूण दाखवली. काय हौस! सगळ्यांनी उभं राहून केली, एकमेकांना करून दाखवली. फोटोग्राफरने तोच फोटो काढला आणि तो वार्षिक अहवालात छापूनही आला.

ती शिवी नव्हती. ती खूण होती: 'आम्हाला काहीच येत नाही.'

*

खोटं कशाला बोलू, त्या हॉलमधून एक माणूस मिळालं मला. वैशाली घरत, पोलीस शिपाई, इथल्याच गावातली. सगळे सर्टिफिकेट घेऊन पांगले, ही माझ्यामागे लिफ्टपर्यंत आली. "मॅडम, मना नीट शिकवा ना. माजी चुलती बोलत नाय. तिच्याशी घरान कोनीच बोलत नाय."

ड्युटी सुटली की वैशाली शाळेत यायची. माझ्या पोरांमध्ये बसून शिकली. पोरं तिच्या चुका काढायची, ती हसायची. वर्षभरात तिचा हात इतका बसला की स्टेशनातून मला फोन येणं बंद झालं. एका बाईचा नवरा तिला मारायचा, ती बाई वैशालीसमोर पहिल्यांदा मोकळी झाली. मी सहज डोकावले तेव्हा दोघी चहा पीत होत्या. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! म्हटलं, झालं, जमलं.

पुढच्या महिन्यात तिची बदली. ट्रॅफिकला!

मी तणतणत स्टेशनला गेले. "एकच माणूस तयार झालं होतं, तेही तुम्ही चौकात उभं केलं?"

ठाणे अंमलदार मला समजावायला लागला. "असं का म्हणता, मॅडम? साहेबांनी विचार करूनच दिलंय. तिचे हात चांगले चालतात ना!"

*

फक्त पोलिसांना बोलून कसं चालेल? आमच्यातही कमी नाहीत. दुभाषी म्हणून यादीत नाव कसं लागतं, परीक्षा कोण घेतं, कोणालाच माहीत नाही. एकदा एका मुलीच्या केसमध्ये भलताच माणूस दुभाषी म्हणून उभा. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेला. मी तिची टीचर म्हणून मागे बसले होते.

वकिलांनी विचारलं, "तू त्याच्याबरोबर स्वतःच्या मर्जीने गेलीस का?"

मुलगी सांगायला लागली. त्याने सांगितलं, आई पडलीय, दवाखान्यात नेलंय, म्हणून मी बसले गाडीत. रस्ता वेगळा दिसला तेव्हा दार उघडायला गेले, त्याने हात पिरगाळला. दोन्ही हातांनी, चेहऱ्याने, सगळ्या अंगाने सांगत होती ती. मला समोर सगळं दिसत होतं.

दुभाषी न्यायाधीशांकडे वळला. "हो म्हणते."

मी ताडकन उभी राहिले. "साफ खोटं आहे!"

"बाई, खाली बसा. नाहीतर बाहेर जावं लागेल."

तो एक 'हो' खोडायला सरकारी वकिलांना अर्ज करावा लागला, भांडावं लागलं, आणि त्या पोरीला तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. त्या दिवशी दुभाषी मीच होते. मधेच तिने हात खाली घेतले आणि मला विचारलं, "मागच्या वेळी मी नीट सांगितलं नव्हतं का?" कोर्टात रडायचं नसतं म्हणून मी रडले नाही.

पण पहिल्या दिवशी त्या व्हिडिओवाल्या दुभाष्याला मी जिन्यात गाठलं होतं. "एवढं सगळं सांगितलं तिने, तुम्ही एका शब्दात कसं संपवलंत?"

तो म्हणाला, "मॅडम, कोर्टाचा टाइम वाचवायला नको का!"

*

आणि हा शेवटचा. सुमन आणि तिची आई. दोघींनाही ऐकू येत नाही. वडील नाहीत. खाडीजवळच्या वस्तीत तळमजल्यावर एक खोली, आई मासळी निवडायला जाते. सुमनला कामावरच्या सुपरवायझरने त्रास दिला होता आणि साक्षीसाठी तिला समन्स आलं. मला, म्हणजे दुभाषीला, समन्स पाठवायचं राहून गेलं.

त्या दिवशी मायलेकी इस्त्रीची साडी, नवा ड्रेस घालून कोर्ट उघडायच्या आधीच जाऊन बसल्या. कोर्टरूमच्या दाराला लागूनच बाक होता, त्यावरच. दुपारी डबा खाल्ला, तोही आळीपाळीने, नंबर येईल म्हणून. संध्याकाळी वॉचमनने हाताने 'जा आता' असं केलं, तेव्हा घरी गेल्या.

कोर्टाच्या रोजनाम्यात लिहिलं गेलं: 'साक्षीदारास वारंवार पुकारले. गैरहजर.'

सुमनच्या नावाने वॉरंट निघालं.

पुढच्या तारखेला मला बोलावलं. मी दोघींना घेऊन वेळेवर हजर. आरोपीचे वकील म्हणाले, "माय लॉर्ड, साक्षीदाराला केसमध्ये इंटरेस्टच नाही. वॉरंट घेऊन पोलीस घरी गेले तरी दाद दिली नाही." न्यायाधीशांनी पोलिसांचा रिपोर्ट वाचायला सांगितला. हवालदार उभा राहिला. सुमनची आई माझा हात ओढून विचारत होती, काय चाललंय? मी म्हटलं, थांब, ऐकू दे.

हवालदाराने खणखणीत आवाजात वाचलं:

"सदर पत्त्यावर समक्ष जाऊन दार वाजवले, नावाने बराच वेळ मोठमोठ्याने हाका मारल्या. खोलीत दिवा चालू असून आत दोन महिला स्वयंपाक करताना खिडकीतून दिसून येतात. परंतु त्या मुद्दाम दार उघडत नाहीत."