दॉ तिन न्वेचा नंबर

फुटपाथवर लाकडी टेबल, टेबलावर बदामी रंगाचा फोन आणि फोनमागे दॉ तिन न्वे. गालांवर तनाखाच्या सालीचा पिवळट लेप, तोंडात विडा, आणि कपाळाला अशी आठी, की फोन करायला आलेला माणूस आधी "सॉरी मावशी" म्हणायचा आणि मग नंबर सांगायचा.

यांगूनमधल्या आमच्या गल्लीत तेव्हा तो एकच फोन होता. अर्ज तिच्या नवऱ्यानं केला होता. लाईन आली तोवर त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तळमजल्यावरच्या आपल्या खोलीच्या खिडकीतून तिनं वायर बाहेर काढली आणि पोटापाण्याला लागली. कुणासाठी बाहेरून फोन आला, की ती त्याच्या गॅलरीतून लोंबणारी दोरी खेचायची. आमच्याकडे घरोघरी अशी दोरी असते. वरच्या टोकाला घंटा, खाली चिमटा. पेपर, भाजी सगळं तिनंच वर चढतं. घंटा वाजली, की माणूस जिन्यावरून धडधडत खाली.

"हळू गं सान्डार! पडलीस तर भावाला काय सांगू? तुझ्याशी बोलायला येता येता गेली म्हणून?"

सान्डार चौथ्या मजल्यावरची. तिचा भाऊ थुरा मलेशियात, इमारतींच्या कामावर.

मग नव्या कंपन्या आल्या. ज्या सिमकार्डासाठी लोक पूर्वी मोटार विकायला काढत, ते चहाच्या भावात मिळू लागलं. नाक्यानाक्यावर कार्डं विकणाऱ्यांच्या जांभळ्या छत्र्या उगवल्या. आम्ही तर वेडेच झालो. आधी ज्योतिषाला विचारून जन्मवाराला लाभेल असा नंबर घेतला. मग शेजारची कंपनी फुकट बोलायला देते म्हणून तो गटारात टाकला. पुढच्या महिन्यात तिसरा. माझ्या आईला स्वतःचा नंबर सांगता येईना.

छत्रीवाला झेया एक दिवस दॉ तिन न्वेसमोर येऊन बसला.

"मावशी, हे डबडं काढा आता. आमचं टेबल घ्या, छत्री घ्या, कार्डं विका. राणीसारख्या बसाल."

"कार्डं विकते. फोन हलणार नाही."

"कंपनीचा नियम आहे हो. टेबलावर दुसऱ्याचा फोन चालत नाही."

"मग कंपनीला सांग, म्हातारीला उन्हाची सवय आहे."

गल्ली हसली. गिऱ्हाईक नव्हतं, तरी ती रोज टेबल पुसून बसायची. आणि एका सकाळी फोन वाजला.

"मावशी, सान्डार जिवंत आहे ना?" पलीकडून थुरा रडत होता. बहिणीनं दिलेले सगळे नंबर त्यानं लावून पाहिले होते. एकावर कुणी ट्रकवाला शिव्या देत होता, बाकीचे बंद.

"बहीण धडधाकट आहे रे. नंबर मेलाय तिचा."

त्यानंतर गल्लीतून परदेशी गेलेले एकेक जण त्याच फोनवर येऊ लागले. त्यांना पाठ असलेला आणि न बदललेला नंबर तेवढाच होता. तो गेला असता तर त्यांना घर सापडलं नसतं. दॉ तिन न्वेला हे कळलं आणि तिची आठी आणखी घट्ट झाली.

तेवढ्यात वॉर्ड ऑफिसचा कारकून चॉ मिन्त दोन माणसं घेऊन आला. फुटपाथ मोकळा करायचा होता. कशासाठी ते साऱ्यांना ठाऊक होतं; झेया जांभळी छत्री घेऊन मागेच उभा होता.

"मावशी, आता कोण बोलतं यावरून?"

"तू नाही बोललास? तुझं लग्न याच फोनवर ठरलं. सासरा 'हो' म्हणाला तेव्हा शेंबूड पुसत होतास. सगळी गल्ली साक्षीला आहे."

चहाच्या दुकानात एकाला ठसकाच लागला. चॉ मिन्तचे कान लाल झाले. "वरून आदेश आहे."

"मग उचल टेबल. लाकूडच आहे."

फोन मात्र तिनं स्वतः उचलला, कडेवर पोर घ्यावं तसा. आपल्या दारात प्लास्टिकचं स्टूल टाकलं आणि फोन मांडीवर घेऊन बसली.

"फुटपाथ तुमचा. उंबरठा माझा, मांडी माझी."

"पाय फुटपाथवर आलेत, मावशी," चॉ मिन्त चिडून म्हणाला.

तिनं खाली पाहिलं. खरंच, वीतभर बाहेर होते. तिनं लुंगी सावरली आणि एकेक पाय उचलून आत घेतला. घाई नाही, काही नाही.

"घेतले. आता?"

चॉ मिन्तनं माणसांना टेबल उचलायची खूण केली.

झेया हळूच म्हणाला, "मावशी, एक दिवस लाईनच बंद करतील ते."

"करू देत. माझ्या हातानं होणार नाही. आणि त्या दिवशी सांगून या म्हणावं, नवी लुंगी नेसून बसेन."

टेबल घेऊन माणसं नाक्याकडे निघाली. फोन वाजला. दॉ तिन न्वेनं विडा गालाच्या एका बाजूला सारला आणि नाक्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"बोल रे! आहे मी इथंच!"